रस्ता त्याचा, नजर माझी

नाही नाही, त्या स्टुलावर नको भावजी, ते डुगडुगतं — एका पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवलीय आणि कुठल्या बाजूला भार टाकायचा ते फक्त मलाच कळतं — तुम्ही आपले खुर्चीवर बसा. त्याचीच आहे, पण काही म्हणणार नाही तो. भावजी म्हटलं तर चालेल ना? तुमचं खरं नाव सांगितलं त्याने काल, पण माझ्या तोंडात तुमचं ते खेळातलंच बसलंय, भोंगा, आणि दारात आलेल्या माणसाला 'या भोंगा, बसा भोंगा' कसं म्हणायचं? येतोय तो. आत तयारी चाललीय. तुम्ही येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट काढलाय, बटणांचा. मी म्हटलं, टी-शर्ट घाल, डोक्यातून ओढला की झालं. तर नाही. बटणांचाच. आणि मी आत जायचं नाही, असा हुकूम आहे. — अरे-तुरेच करते हं मी त्याला, सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही ते. — काही पडलं का आत? ऐकलंत? नाही… कंगवा असेल. कंगवाच. कॉफी घेणार का? बरं, नंतर. तो आल्यावर.

हो, हाच तो कॉम्प्युटर. याच पडद्यावरून तुम्हाला शिव्या जातात. हेडफोन ना? आहेत की, ते काय खिळ्याला. नाही, माईक अजून बिघडलेलाच आहे. आणायचा राहतोय. तुम्ही लांबून आलात, इतकी वर्षं खेळून पहिल्यांदाच प्रत्यक्ष तोंडं बघणार तुम्ही एकमेकांची, आणि मी माईकचं काय घेऊन बसले. तोवर थांबा, तुम्हाला गंमत दाखवते. हे बघा. ही त्याची खेळांची लायब्ररी. खाली करा, अजून खाली, अजून — संपत नाही. लोक चपला जमवतात, हा खेळ जमवतो. एका ऑनलाइन दुकानात काही घेतलेले, दुसऱ्यात काही, तिसऱ्याने दर आठवड्याला फुकट वाटले म्हणून घेतले, चौथ्याचं तर याला आठवतही नव्हतं की आपलं तिथे खातं आहे. प्रत्येक दुकानाचा दरवाजा वेगळा, पासवर्ड वेगळा. आणि एकच खेळ दोन-दोन ठिकाणी! मी बस डेपोच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये आहे, सांगितलं असेल त्याने. नाही सांगितलं? असो. आमच्याकडे असंच असतं, एकच वायपरचं पातं तीन नंबरांनी तीन फळ्यांवर, आणि बस उभी पावसात. आमचे जुने स्टोअरकीपर म्हणायचे, सापडत नाही तो माल म्हणजे नसलेला माल. तर मी हा लाँचर टाकला. माझी मीच शिकले. सगळ्या दुकानांतले खेळ एका पडद्यावर आणून मांडतो तो. खेळ जिथले तिथेच राहतात, दार मात्र एक. मग दुहेरी काढले, चित्रं नसलेल्यांना चित्रं लावली, ज्यांची नावं अर्धवट आली होती त्यांची नावं नीट केली. आता कसं, पाहुण्याला बोलावून दाखवावं असं घर झालं.

ते? ते डावीकडचं होय? ते टॅग. फळ्यांवर आपण चिठ्ठ्या चिकटवतो ना, तसं. 'थांबवता येणारे.' 'घाई नसलेले.' 'कमी वाचायचे.' 'एका हाताचे'… म्हणजे एका हाताने खेळता येतात ते. दुसऱ्या हातात कप धरून. आरामात.

असं बघू नका माझ्याकडे.

आता तुम्ही वाचलंच आहे, तर — हळू बोला हं, भिंत म्हणजे नुसता पत्राच आहे ही — त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला, भावजी. तुम्ही त्याला विचारत होतात ना, कुठे गायब झालास, क्रेनच्या कामावर लांब पाठवलं का? कुठे पाठवलं नव्हतं. हॉस्पिटलात होता. सकाळी दात घासत होता आणि चूळ भरली ती एका बाजूने गळायला लागली. मी हसले हो. मला वाटलं चेष्टा करतोय, करायचा तो असली सोंगं. मग ब्रश पडला. मग तो खाली बसला, असा हळूच, जसं कुणी त्याला खुर्ची दिलीय आणि खुर्ची नाहीच. लोक म्हणाले नशीब थोर, वर क्रेनच्या केबिनमध्ये असता तर? मी रोज तेच ऐकायची, वर असता तर, वर असता तर. अहो, वर नव्हता, ठीक आहे, पण खाली होता ना! खाली काय कमी झालं? उजवा हात गेला. पाय परत आला, तसा ओढतो थोडा. आणि बोलणं. डोक्यात सगळं जागच्या जागी, पण शब्द सापडत नाही. 'चमचा' म्हणायचं तर 'ते, ते' करत बसायचा आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचा. ज्या माणसाने दोन हातांत दोन दांडे धरून अख्ख्या इमारती उचलून ठेवल्या, त्याला चमचा म्हणता येईना.

फिजिओ येते ना एक, बारकी आहे पण हाडं मोडेल अशी, ती म्हणाली खेळू दे त्याला, डोकं चालेल, डावा हात सरावेल. नणंदबाई म्हणाल्या, आधी ते खोकं काढून टाका घरातून, त्यानेच डोक्यावर ताण आला. नणंदबाईंना वाटतं, जगात जे काही वाईट होतं ते पडद्यातून येतं. मी नाही काढलं. बसवलं त्याला इथे. आणि तो काय करायचा माहितीये? नुसता खाली-खाली जायचा. एका दुकानात शिर, बघ, बाहेर पड. दुसऱ्यात पासवर्ड आठवेना. एखादा खेळ उघडला की तो सांगायचा, हे बटण धर आणि ते दाब, आणि ते असायचं उजव्या हाताला. बंद. दुसरा. बंद. मग मान खाली घालून बसायचा, मांडीवरचा हात उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवायचा, जसं कुणाचं सामान सांभाळतोय. मला ते बघवेना. मी म्हटलं, हे काम माझं आहे. मांडणी माझं काम आहे. डेपोतून आले की जेवण आटोपायचं आणि बसायचं. उजवा हात असा मांडीखाली दाबून. हो ना! नाहीतर तो मध्ये मध्ये येतो, न विचारता. आणि एकेक खेळ डाव्या हाताने खेळून बघायचा. जमला तर टॅग. माझ्या हाताला मुंग्या यायच्या. मी मासे पकडले, शेतं नांगरली, पत्त्यांचे डाव लावले, एका खेळात तर नुसती खिडकीत बसून गाड्या मोजायच्या होत्या — कोण बनवतं हो असले खेळ? पण एका हाताने होतो ना, मग ठेव.

आणि मग मी एक केलं. म्हणजे चांगल्यासाठीच केलं. बाकीचे लपवले. लाँचरमध्ये तशी सोय आहे, पुसायचं काही नाही, नुसतं नजरेआड करायचं. म्हटलं, उगाच डोळ्यांसमोर नको. उघडला की जमणारेच दिसावेत. आपण घरात पाय घसरलेला माणूस असला की उंबऱ्यातलं पायपुसणं उचलून ठेवतो, तसं. सकाळी मोठ्या हौसेने दाखवलं त्याला. हे बघ, एकच दार, सगळं हाताशी. त्याने पाहिलं. खाली गेला, तर लगेच तळ लागला. परत वर आला. परत खाली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं काय कुठे? तो म्हणाला, "माझे." मी म्हटलं, अरे, तुला जमणारे ठेवलेत.

तुला जमणारे. असं म्हणाले मी. कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. त्याने पडदा बंद केला आणि जाऊन झोपला, भर सकाळी. दिवसचे दिवस फिरकला नाही इकडे. मी रात्रंदिवस मनात भांडतेय त्याच्याशी, की मी तुझ्यासाठी हात बधिर करून घेतला आणि तू तोंड फिरवतोस? आणि खरं सांगू, मलाही कळत होतं. डेपोत एक मेकॅनिक होते आमच्या, डोळे अधू झाले म्हणून त्यांना साहेबांनी हवा भरायला बसवलं. चांगल्यासाठीच. तो माणूस महिन्यात म्हातारा झाला. — पाणी हवंय का तुम्हाला? मला हवंय. थांबा. नाही, राहू दे.

मग एक दिवस मी कामावरून आले तर इथून आवाज. पडदा चालू. सगळे खेळ परत वर आणलेले, एकूण एक, डाव्या हाताने शोधून काढली होती त्याने ती लपवालपवीची सोय. आणि समोर तुमचा तो ट्रकचा खेळ. ट्रक नदीत. नुसता नदीत नाही, उलटा नदीत, चाकं वर, आणि दिवे लागलेले. आणि हा — मला आधी कळेना, हसतोय की रडतोय. त्याचा अर्धा चेहरा हसला तरी उरलेला अर्धा रडल्यासारखा दिसतो तेव्हापासून. मी पर्स पण ठेवली नव्हती. त्याने या स्टुलावर थाप मारली आणि म्हणाला, "बस." मी बसले. मग त्याने माझा हात धरला आणि त्या माऊसवर नेऊन ठेवला, जसं पोराच्या हातात पेन्सिल देतात. तेव्हा मला समजलं. गाडी डाव्या हाताच्या बटणांवर चालते, भावजी, तुम्हाला मी काय सांगायचं. पुढे, मागे, वळण, सगळं डावीकडे. माऊसने फक्त बघायचं. आरसे, रस्ता, मागून कोण येतंय. म्हणजे रस्ता त्याचा, नजर माझी.

काय सांगू तुम्हाला ती पहिली संध्याकाळ! तो वळण घेतोय आणि मी आभाळ बघतेय. मला ते आभाळ आवडलं हो, ढग काय छान काढलेत. तो कोपराने ढोसतोय, "ते, ते," करतोय आणि मी म्हणतेय, ते काय ते, नीट सांग ना. ट्रक गेला खांबावर. परत. परत खांबावर. तिसऱ्यांदा मी त्याच्या कडेला दरी असताना आरशात बघत होते, आणि त्याच्या तोंडून आलं — स्वच्छ, ठणठणीत, आजारपणाच्या आधी यायचं तसं — "डोळे आहेत का बटणं?" आम्ही दोघंही थांबलो. ट्रक आपला चाललाय दरीत. क्रेनवर खाली खुणा करणाऱ्या माणसाला ओरडायचा तो असं. इतके महिने चमचा म्हणता येईना आणि अख्खं वाक्य आलं ते शिवीचं! मी फिजिओला सांगितलं तर ती म्हणाली, रोज भांडा. घ्या. तिनेच सांगितलं म्हटल्यावर आम्ही काय मागे राहतोय?

तर… हो. कळलं ना आता तुम्हाला? परत खेळायला लागला म्हणून तुम्हाला आनंद झाला, तेव्हापासून तुम्ही आम्हा दोघांबरोबर खेळताय. माईक बिघडलेला नाही. बोलायला वेळ लागतो त्याला आणि तुमच्यासमोर अडखळायचं नव्हतं. तो सांगायचा, मी टाइप करायची. तुम्ही एकदा विचारलंत ना, तू शाळामास्तर कधी झालास, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम काय देतोस? ती मी. परवा घाटात तुम्ही चिडलात, अरे मागे बघ, मी हॉर्न वाजवून मेलो, झोपलास का? तो झोपला नव्हता. मी झोपले होते, डेपोत मोजणी होती त्या दिवशी, उभी होते सकाळपासून. आणि त्याने काय लिहायला लावलं ते आठवतं? 'माझी चूक.' मी म्हटलं, अरे माझी चूक. तर म्हणाला, "लिही." — हसू नका हो. बरं, हसा. पण तोंड दाबून. त्याला कळता कामा नये की मी सांगितलं. तुम्हाला पत्ता त्याने स्वतः पाठवला, मी कामावर असताना, डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून. मला काल सांगितलं. म्हणजे त्याला स्वतःला सांगायचं होतं तुम्हाला, दारात उभं राहून, त्या बटणांच्या शर्टात, आणि मी बघा कशी… माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सासूबाईंचं म्हणणं मात्र बरोबर होतं.

पण एक सांगते, आता सांगतेच आहे तर. तुम्हाला राग आला नाही ना? मी त्याची पाठ ओळखते, भावजी. तुम्ही त्याचा आवाज ओळखता, मी पाठ. लग्न झाल्यापासून संध्याकाळी मी ही पाठच बघितली, कानावर ते हेडफोन, तोंड भिंतीकडे, आणि भिंतीशी गप्पा. तुमच्याशी म्हणजे. तुम्हाला हसून सांगायचा, आज वारा सुटला होता, क्रेन कशी डोलत होती, आणि मी मागे कपडे घड्या करत ऐकायची. मला कधी नाही सांगितलं वाऱ्याचं. वाईट नाही हो तो, मीही कधी विचारलं नाही. दोन माणसं एका घरात असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला ठाऊकच असणार. आणि आता रोज आम्ही कोपराला कोपर लावून बसतो. तो भांडतो, मी भांडते. मध्येच गाडी कडेला लावतो आणि म्हणतो, "बघ," आणि मी माऊस फिरवून बघते, डोंगर, पूल, एखादं गाव. मुद्दाम थांबतो तो माझ्यासाठी. सहज. इतक्या वर्षांत मी त्याच्याबरोबर कुठे गेले असेन तर ते या खुर्ची-स्टुलावर बसून.

आणि गेल्या आठवड्यात त्याचं बोट हललं.

उजवं. मी माऊसवर हात ठेवून होते, त्याने आपला तो हात उचलून माझ्या हातावर ठेवला होता — ठेवतो तो, वजन म्हणून — आणि वळणावर मी भलतीकडे बघायला लागले तर त्या बोटाने मला दाबलं. एकदा. मग परत. त्याला कळलं, मला कळलं. फिजिओ म्हणते, आता येईल, आला की पटकन येतो, उजव्या हाताचे खेळ काढून ठेवा, माऊसचे. मी टॅग केलाय. तो बघा ना, सगळ्यात खाली. 'उजवा हात.' उघडा. काहीच नाही ना? रिकामी फळी. रोज बसते, आज भरू म्हणून बसते, एकेका चित्रावर बाण नेऊन ठेवते आणि उठते. स्वयंपाकघर आवरते. परत येते. अहो, माझा नवरा बरा होतोय, भावजी. बायका नवस बोलतात त्यासाठी. मीही रडले होते हॉस्पिटलच्या जिन्यात, की एक बोट, एक बोट तरी हलू दे. आणि ते हललं तर मी ही फळी रिकामी ठेवते. कसली बाई आहे मी? त्याचा हात परत आला की तो हेडफोन घालेल. घालेलच. का नाही घालणार, त्याचे आहेत. मी म्हणणार आहे का, की…

नळ बंद झाला.

थांबा. ऐका. कडी काढतोय. भावजी, तुम्हाला काही ठाऊक नाही. माईक बिघडलाय, बास. तो सांगेल तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका, वाक्य अडकलं तर शब्द पुरवू नका, मी पुरवते तर चिडतो. एखादं बटण वरखाली लागलं असेल तर बघू नका तिकडे. उठू नका एवढ्यात, उठा तो जवळ आला की. तो हात पुढे करेल. कुठला करेल मला माहीत नाही. डावा केला तर डावा घ्या, आणि उजवा केला तर… तो वर यायला वेळ लागतो. थांबायचं. मध्येच जाऊन धरायचा नाही, आणि दाबायचा नाही, नुसता घ्यायचा. मी बघणार नाही. मला नाही बघवणार.

ये रे, ये. सावकाश, पायात वायर आहे. हे बघ, वाट बघून कंटाळले तुझे भोंगा. आम्ही? छे, कसल्या गप्पा, तुझे खेळ दाखवत होते त्यांना, एवढंच. शर्ट छान दिसतोय. बरं, कॉफी टाकते मी. बोला तुम्ही दोघं, मी आत आहे.